दहा लाखांची पिढी साठीत

वाचकांचे प्रश्न

(उत्तरं देणाऱ्या डॉक्टरबाईंनी सार्वजनिक आरोग्याच्या कामासाठी थायलंड, कंबोडिया आणि फिलिपिन्समध्ये येऊन-जाऊन वीसेक वर्षं काढली. सध्या मुक्काम कराड. – संपादक)

आग्नेय आशियावरच्या माझ्या दोन लेखांवर पत्रं आली, त्यातली सहा इथं घेतली आहेत. 'बाई, तुम्ही परदेशाचं फार कौतुक करता' असं दोघांनी लिहिलंय. त्यांना वेगळं उत्तर देत नाही. खाली कौतुक किती आणि कबुली किती, ते त्यांनीच मोजावं.

सांगलीहून एक निवृत्त शिक्षक : आम्ही आयुष्यभर मुलांकडून 'लोकसंख्येचा विस्फोट' या विषयावर निबंध लिहून घेतले. आता वर्तमानपत्रात वाचतो की थायलंड-सिंगापुरात पाळणे रिकामे आहेत आणि सरकार पैसे देऊन मुलं होऊ द्या म्हणतंय. मग आम्ही शिकवलं ते खोटं होतं का?

गुरुजी, निबंध खोटा नव्हता, मध्यंतरापर्यंतचा होता. आकड्यांआधी एक घर सांगते.

थायलंडच्या ईशान्य भागाला ईसान म्हणतात. कोरडवाहू जमीन, हातानं गोळा करून खायचा चिकट भात, कच्च्या पपईचं झणझणीत सोम तम, आणि कमावती पोरं सगळी बँकॉकला. कोकणातलं मनीऑर्डरवर चालणारं गाव आठवा, त्यातला समुद्र काढून टाका, की ईसान झालं. तिथल्या खोन केन प्रांतात मी १९९४ साली पहिल्यांदा गेले, तेव्हा गावातून फिरवायला एक आरोग्य स्वयंसेविका सोबत दिली होती. एकतीस वर्षांची, सायकलवर, कॅरिअरला एक लांबोडकी वही बांधलेली. गाव तिला 'पी' म्हणायचं, म्हणजे ताई. मधल्या वर्षांत कधीतरी ती 'पा' झाली, म्हणजे मोठी मावशी किंवा आत्या. आता गल्लीतली पोरं तिला 'याय' म्हणतात, म्हणजे आजी. थाई माणूस समोरच्याचं वय हाकेतच सांगून टाकतो, आपल्यासारखंच.

ही बाई सात भावंडांतली तिसरी. तिला स्वतःला दोन मुलं. मुलीला एक मुलगा; मुलगी रयोंगच्या कारखान्यात कामाला, म्हणून नातू आजीकडे. मुलगा चाळिशीकडे झुकला, लग्नाचं नाव काढत नाही. सात, दोन, एक, शून्य. तुमच्या निबंधाचा उत्तरार्ध एकाच ओसरीवर मांडून बसलेला आहे.

आता आकडे. १९६३ ते १९८३ या काळात थायलंडमध्ये दरवर्षी दहा लाखांहून जास्त बाळं जन्माला आली. तिकडे त्यांना 'दहा लाख जन्मांची पिढी' असंच म्हणतात. २०२४ साली जन्मली सुमारे ४ लाख ६२ हजार. २०२१ पासून तिथं जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत. १९६३ ची पहिली तुकडी २०२३ मध्ये साठीची झाली. तेव्हापासून पुढची वीस वर्षं दरसाल एक भलीमोठी तुकडी साठी गाठत राहणार, आणि तिला सांभाळायला खाली येणारी तुकडी तिच्या निम्मीसुद्धा नाही.

हे झालं कसं? १९७० मध्ये तिथल्या सरकारनं कुटुंबनियोजनाचं धोरण स्वीकारलं. खेड्यात डॉक्टर नव्हतेच, मग सहायक सुईणींना एक साधी प्रश्नयादी हातात देऊन गर्भनिरोधक गोळ्या द्यायची परवानगी दिली. कागदावर ही बारीकशी गोष्ट दिसते. मला विचाराल तर सगळ्यात मोठी तीच. डॉक्टरच्या सहीशिवाय गोळी गावात पोचली. मग १९७४ पासून मीचाई वीरवैद्य हा माणूस कामाला लागला. तो शाळामास्तरांमध्ये निरोध फुगवायच्या शर्यती लावायचा, ट्रॅफिक पोलिसांकरवी निरोध वाटायचा. लोक निरोधालाच 'मीचाई' म्हणू लागले आणि त्याला ते आवडायचं. बँकॉकमधल्या त्याच्या खानावळीचं नाव 'कोबी आणि निरोध', कारण निरोध कोबीइतक्या सहज बाजारात मिळायला हवेत असं त्याचं म्हणणं. नव्वदीत एड्स पसरला तेव्हा या हसण्याचा फार उपयोग झाला. ज्या वस्तूवर गाव पंधरा वर्षं हसलेलं असतं, ती मागायची लाज उरत नाही.

आपल्याकडे कर्व्यांनी, म्हणजे र. धों. कर्व्यांनी, १९२१ सालीच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. पन्नास वर्षं पुढे होतो आपण. आणि मग आणीबाणीत काय केलं ते शिक्षकांना मी सांगायला नको. कित्येक ठिकाणी नसबंदीच्या 'केसेस' आणायचं उद्दिष्ट मास्तरांच्याच गळ्यात होतं. १९७६ मध्ये तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. थाई लोक हसत जिथं पोचले तिथं आपणही पोचलो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे बाईमागे सरासरी मुलं, १.७ आहे. पण ऑपरेशन म्हटलं की पुरुष अजून पाय मागे घेतो, त्याची मुळं त्या दोन वर्षांत आहेत असं माझं मत.

सिंगापूरची गोष्ट त्याहून विचित्र. १९७२ मध्ये 'दोनांवर थांबा' म्हणून मोहीम. तिसऱ्या-चौथ्या मुलाला शाळाप्रवेशात मागे टाकायचे, बाळंतपणाचं बिल चढवायचे. १९८७ मध्ये तेच सरकार म्हणालं, 'तीन होऊ द्या, परवडत असतील तर आणखी.' पैसे दिले, सवलती दिल्या, घरवाटपात झुकतं माप दिलं. २०२३ मध्ये जननदर ०.९७. टाकीचं पाणी सोडायला एक चावी फिरवली की पुरतं. वर चढवायला मोटर लागते, आणि या मोटरला वीज कुठून आणायची ते आजवर कुठल्याच देशाला नीट सापडलेलं नाही.

परत त्या वहीकडे येते. १९९४ मध्ये तिचे रकाने होते गोळी, इंजेक्शन, ऑपरेशन, निरोध. २०२३ मध्ये मी मुद्दाम जाऊन भेटले. वही बदललेली, अक्षर तेच. आता रकाने तीन. थाई आरोग्यखात्यानं म्हाताऱ्यांचे तीन वर्ग केलेत : 'तित संखोम', समाजाला चिकटलेले, म्हणजे देवळात-बाजारात हिंडतेफिरते, 'तित बान', घराला चिकटलेले, आणि 'तित तियांग', खाटेला चिकटलेले. पा घरोघर जाऊन रक्तदाब बघते, साखर बघते आणि कोण या रकान्यातून त्या रकान्यात गेलं ते लिहिते. तिसऱ्या रकान्यातल्यांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, हे घरच्यांना शिकवते. घरच्यांना म्हणजे कुणाला, तर बहुतेक घरांत सत्तरीच्या बायकोला. सरकारचा म्हातारपणाचा भत्ता साठीनंतर महिना ६०० बाट, नव्वदीनंतर १००० बाट. त्यात माणूस ठेवता येत नाही.

जन्म कमी करायला गोळी पुरली, गुरुजी. कुशीवर वळवायला माणूस लागतो. अर्ध्या शतकाच्या धोरणाचा हिशेब माझ्या डोक्यात एवढाच शिल्लक आहे.

तिचा नवरा या भानगडीतून आधीच सुटला. ईसानमध्ये नदीतले लहान मासे कच्चेच कुटून, लिंबू-मिरची लावून खातात. त्यातून यकृतातला एक चपटा कृमी शिरतो आणि पंचवीस-तीस वर्षांनी पित्तनलिकेचा कर्करोग होतो. हा कर्करोग जगात सगळ्यात जास्त तिथंच. 'मासा शिजवून खा' हे तीस वर्षं दारोदार सांगणाऱ्या बाईच्या घरात तो झाला. मी त्याबद्दल बोलायला गेले तर ती म्हणाली, शिजवलेल्याला चव नसते म्हणायचा.

निघताना वही चाळायला मागितली. स्वतःचं नाव तिनं पहिल्या रकान्यात लिहिलं होतं. पेन्सिलीनं.

नागपूरहून एक अभियंता : थायलंडमध्ये सगळे एका धर्माचे, म्हणून तिथं जमलं. आपल्यासारख्या मिश्र देशात धर्म आड येतो, हे तुम्ही टाळता.

टाळत नाही, पटत नाही. आग्नेय आशियाइतका मिश्र मुलूख मला दुसरा माहीत नाही, म्हणून त्याच्यावर हा प्रयोग करून बघू.

जगात सर्वांत जास्त मुसलमान इंडोनेशियात. तिथं १९७० मध्ये कुटुंबनियोजनाची राष्ट्रीय संस्था निघाली, मौलवींना आधी बोलावून घेतलं, 'दोन मुलं पुरेत' ही घोषणा झाली. त्या दशकातल्या पाच रुपियाच्या नाण्यावर आई, बाप आणि दोन मुलं कोरलेली आहेत. माझ्याकडे एक आहे. साठीच्या दशकात बाईमागे साडेपाचच्या आसपास मुलं होती, आज दोनच्या जरा वर आहेत. याला नुसतं गोड समजू नका. बालीत, जिथं वस्ती हिंदू, तिथं 'बंजार' म्हणजे वाडीच्या मासिक बैठकीत कोणतं जोडपं काय वापरतं ते सगळ्यांसमोर सांगायला लागायचं आणि गावच्या नकाशावर घरं त्याप्रमाणे रंगवायचे. आकडा खाली आला खरा. माझ्या घराचा रंग चावडीवर लावलेला मला चालला नसता.

फिलिपिन्स कॅथलिक. तिथं चर्चनं अडवून धरलं, हे तुमचं बरोबर. प्रजनन आरोग्याचा कायदा व्हायला डिसेंबर २०१२ उजाडला आणि सर्वोच्च न्यायालयानं तो बऱ्याच अंशी कायम ठेवायला एप्रिल २०१४. पण चर्च तेच, लोक तेच, आणि जननदर २०१७ च्या २.७ वरून २०२२ मध्ये १.९ वर आला. पूर्व तिमोरही कॅथलिकच. तिथं या शतकाच्या सुरुवातीला बाईमागे सातहून जास्त मुलं होती, जगातल्या सगळ्यात वरच्या आकड्यांपैकी. धर्म एक, आकड्यांत एवढी तफावत. तिमोरमध्ये १९९९ ची जाळपोळ आणि कत्तल नुकती होऊन गेली होती. कंबोडियातही तेच. ख्मेर रूज या क्रूर कम्युनिस्ट गटाच्या १९७५ ते १९७९ या राजवटीत जन्मलेले लोक इतके कमी, की वयोगटांच्या आलेखाला तिथं खाच पडली आहे, आणि त्या खाचेखाली ऐंशीच्या दशकातल्या बाळांचा मोठा पट्टा. बट्टम्बंगला माझ्या कचेरीत तो आलेख भिंतीवर होता. आमचा ड्रायव्हर खाचेवर बोट ठेवून म्हणायचा, 'हा मी.' त्याच्या वर्गात चौघं होते.

ज्या घरात मुलं दगावतात त्या घरात आणखी मुलं होतात, आणि मुलं जगतील याची खात्री पटली की बाई स्वतःच थांबते. हे मला तीन धर्मांच्या बायकांनी तीन भाषांत सांगितलंय.

तुम्हाला आड येणारी गोष्टच हवी असेल तर ती व्हिएतनाममध्ये शोधा. तिथं १९८८ पासून दोन मुलांचा नियम होता, जून २०२५ मध्ये काढून टाकला. मुलं कमी झाली, पण वंशाला दिवा हवाच. त्यामुळे निसर्गात १०० मुलींमागे १०५च्या आसपास मुलगे जन्मतात, तिथं १११-११२. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्या महाराष्ट्रानं केला, तो हौसेनं केला नव्हता. हा रोग कुठल्याही एका धर्माचा असता तर सोपं झालं असतं.

बीड जिल्ह्यातून एक आशाताई : तुमच्या थायलंडच्या बायकांना पगार किती मिळतो ते लिहा. आमचा मोबदला तीन-तीन महिने येत नाही. कौतुकाचं प्रमाणपत्र मात्र वेळेवर येतं.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

पगार त्यांनाही नाही. त्यांना 'ऑ-सॉ-मॉ' म्हणतात, थाई नावाची आद्याक्षरं. कित्येक वर्षं एक पैसा नव्हता. २००९ पासून महिना ६०० बाट सुरू झाले, मग १००० झाले, आता २००० आहेत, आपल्या पैशात पाच हजारांच्या आसपास. सरकारी दवाखान्यात काही सवलती आहेत. त्यांचा आपापसातला अंत्यविधी निधीही आहे, म्हणजे एखादी गेली तर बाकीच्यांच्या वर्गणीतून घरच्यांना रक्कम मिळते. पैशाच्या बाबतीत त्या तुमच्या फार पुढे आहेत असं मी म्हणणार नाही.

फरक घरांच्या संख्येत आहे. देशभरात त्या दहा लाखांहून जास्त आहेत, एकीकडे साधारण दहा ते पंधरा घरं. तुमच्याकडे हजार माणसं. पंधरा घरांची बाई संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी चक्कर मारून येते. तुमची चक्कर पुरी होईस्तोवर पहिल्या घरातलं मूल रांगायला लागतं. शिवाय तुमच्या मोबाइलमध्ये किती ॲपं आहेत ते मला माहीत आहे. माझ्या भाचीचं तेच काम आहे.

दुसरा फरक मागच्या दाराचा. तिथं स्वयंसेविका ज्या दवाखान्यात पाठवते तो उघडा असतो. २००२ पर्यंत देशभर 'तीस बाटची योजना' लागू झाली, कुठलाही आजार असो, एका खेपेला तीस बाट. डॉ. सांग्वान नित्यारम्पोंग यांनी त्यामागे आयुष्य घातलं. ते स्वतः खेड्यातल्या दवाखान्यात काम केलेले. त्यामुळे 'दवाखान्यात जा' हे वाक्य तिथं पोकळ वाटत नाही. उपकेंद्राला कुलूप असेल तर तुमच्या शब्दाला गावात किंमत राहत नाही, आणि तो दोष तुमचा नसतो. हे तुमच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दाखवायचं असेल तर हे पान कापून न्या.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही. तुमचे मोर्चे. ऑ-सॉ-मॉंना तुमचा आझाद मैदानावरचा मोर्चा मी सांगितला तेव्हा त्या आश्चर्यानं बघत राहिल्या. पा म्हणाली, आमच्याकडे असं केलं तर सरपंच रुसेल.

कोल्हापूरहून एक आजी : नातवाच्या गोवर-रुबेलाच्या लसीला सून नाही म्हणते. फिलिपिन्समध्ये लसीनं मुलं मेली असं तिनं मोबाइलवर वाचलं. तुम्ही तिथं होता म्हणून विचारते.

होते. म्हणून सुनेला वेड्यात काढणार नाही. तुम्हीही काढू नका, आजी.

तिनं जे वाचलंय त्याच्या मुळाशी खरी घटना आहे. लस गोवराची नव्हती, डेंग्यूची होती, नाव डेंगव्हॅक्सिया. एप्रिल २०१६ पासून फिलिपिन्सच्या शाळांमध्ये आठ लाखांहून जास्त मुलांना ती दिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनंच जाहीर केलं की ज्याला आधी कधी डेंग्यू झालेला नाही अशा मुलाला ही लस दिली आणि नंतर डेंग्यू झाला, तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. कारण असं. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. पहिल्यांदा यातल्या कुठल्याही प्रकाराचा ताप आला तर बहुतेक जण सोसून जातात. नंतर वेगळ्या प्रकाराचा झाला तर तो अंगावर येतो. ज्या मुलाला आधी काहीच झालं नव्हतं, त्याच्या शरीरानं लसीलाच पहिला ताप धरलं. मग खरा पहिला ताप दुसऱ्यासारखा वागला. ज्यांना आधी होऊन गेला होता त्यांना मात्र लस उपयोगाची होती.

धोका खरा, पण मोजका होता. पुढे जे झालं ते मोजकं नव्हतं. सिनेटच्या चौकशा टीव्हीवर दिसू लागल्या, मुलांचे फोटो घेतलेल्या आया रस्त्यावर आल्या, आणि लोकांनी सगळ्याच लसींकडे पाठ फिरवली. 'लस महत्त्वाची आहे' हे ठामपणे म्हणणारे २०१५ मध्ये ९३ टक्के होते, २०१८ मध्ये ३२. मनिलाच्या एका केंद्रात मी बसलेली असताना पोलिओचे थेंब घेऊन आलेल्या नर्सला एका आईनं विचारलं, 'हेच का ते डेंगव्हॅक्सिया?' थेंब, सुईसुद्धा नाही. २०१९ मध्ये गोवराची मोठी साथ आली. त्याच सप्टेंबरात पोलिओ परतला, देश २००० मध्ये पोलिओमुक्त झालेला असताना.

आता कबुली. लसीकरण सुरू व्हायच्या सुमाराच्या एका बैठकीत, पालकांना डेंग्यूचे चार प्रकार वगैरे सांगायचे का असा विषय निघाला होता. 'इतकं तपशिलात कशाला, घाबरतील' असं म्हणणाऱ्यांत मी होते. तेव्हा शंका व्यक्त करणारे डॉक्टर होते, आम्ही त्यांना खोडा घालणारे समजलो. आया घाबरल्या त्या लसीला नाहीत, आमच्या गप्प बसण्याला.

म्हणून सुनेला सगळं सांगा. ती लस वेगळी, आजार वेगळा. गोवर-रुबेलाच्या लसी कित्येक दशकं जगभर कोट्यवधी मुलांना दिल्या गेल्यात. दिल्यावर आठवडा-दहा दिवसांनी काही मुलांना एक-दोन दिवस ताप किंवा थोडं पुरळ येतं. क्वचित एखाद्याला ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येते, म्हणून टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबवून घेतात. हेही लपवू नका. आणि गोवर म्हणजे नुसतं पुरळ नव्हे. त्यात न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते. बुधवारी किंवा तुमच्या भागात ज्या वारी लसीकरण असेल त्या वारी कार्ड घेऊन दोघी जा, आणि सुनेला नर्सबाईंना हवे तेवढे प्रश्न विचारू द्या. मध्ये बोलू नका.

ठाण्याहून एक दांपत्य : सहा वर्षांच्या मुलीसह बाली आणि व्हिएतनामला जातोय. मलेरियाची गोळी घ्यावी का?

बालीच्या नेहमीच्या पर्यटन भागात आणि व्हिएतनामच्या शहरांत मलेरियाची फारशी काळजी नाही. डेंग्यूची आहे. त्याचा डास दिवसा चावतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मलम सकाळीच. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. पुरेसं पाणी पाजा, लघवी कमी झाली किंवा पोट दुखू लागलं तर थांबू नका.

बालीत २००८ पासून रेबीज आहे. मुलीला कुत्र्यामाकडांना खाऊ घालू देऊ नका. ओरखडा जरी आला तरी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच लस. फोटो राहू द्या.

डासांवरून माझी एक फजिती. ईसानला नवी नवी गेले तेव्हा आपल्याकडचा 'कोरडा दिवस' डोक्यात. आठवड्यातून एकदा सगळी भांडी उपडी करा, असं गावात ठणकावून सांगितलं. बायका तोंडाला पदर नाही, पण हात लावून हसू लागल्या. प्रत्येक घरापुढे माणसाच्या उंचीचे सिमेंटचे रांजण, एकेकात दोन हजार लिटर पावसाचं पाणी, पुढच्या पावसापर्यंत पिण्यासाठी पुरवायचं. ते मी उपडं करायला सांगत होते. पा मला बाजूला घेऊन म्हणाली, 'पी मॉ, इथं झाकण लावतात आणि मासे सोडतात.' पी मॉ म्हणजे डॉक्टरताई. आपल्या गप्पी माशांचेच चुलतभाऊ होते. इंडोनेशियाच्या योग्याकार्तात तर आता उलटंच करतात, वोल्बाकिया नावाचा जिवाणू असलेले डास मुद्दाम सोडतात. त्यांच्यात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. तिथल्या चाचणीत डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाला. डास पाळणारं सरकार बघायला मिळेल असं कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर मी वर्गाबाहेर गेले असते.

मडगावहून एक वाचक : तुम्ही इंडोनेशिया जागतिक आरोग्य संघटनेच्या दिल्ली कार्यालयाखाली असल्याचं लिहिलंत. ते चूक आहे. आणि पूर्व तिमोरबद्दल एकच ओळ? आमचा त्यांच्याशी जुना संबंध आहे.

चूक मान्य. इंडोनेशिया २०२५ मध्ये दिल्लीच्या गटातून निघून मनिलाच्या, म्हणजे पश्चिम प्रशांत गटात गेला. मी जुन्या सवयीनं लिहिलं. हे गट मुळातच गमतीचे आहेत. थायलंड आपल्याबरोबर दिल्लीत, आणि त्याच्या दाराला दार लागून असलेले लाओस-कंबोडिया मनिलात. मेकाँगच्या दोन काठांवरचे मलेरियाचे अहवाल दोन वेगळ्या गावांना जायचे, आणि आम्ही एकमेकांचे आकडे ओळखीपाळखीनं फोनवर मागायचो.

तिमोरचा कारभार एकेकाळी गोव्यातून चालायचा, तेव्हा तुमचा हक्क आहेच. बातमी चांगली आहे : तिथं २००६ मध्ये मलेरियाचे दोन लाखांहून जास्त रुग्ण नोंदले होते, आणि जुलै २०२५ मध्ये तो देश मलेरियामुक्त जाहीर झाला. दुसरी बातमी तेवढी चांगली नाही. पाच वर्षांखालची जवळजवळ निम्मी मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत. जननदर खूप उतरला, तरी देश अजून तरुण आहे. थायलंडमध्ये ज्या पिढीला सांभाळायला माणूस नाही, तिमोरमध्ये तेवढ्याच वयाचे आजी-आजोबा नातवंडांच्या घोळक्यात बसलेले असतात आणि घोळक्याला पुरेसं खायला नसतं. त्यावर पुढच्या अंकात सविस्तर लिहिते.

तुम्ही पाठवलेली सोलं पोचली. आमटीत घातली.